पहिला तास

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. उजाडले तेव्हा खिडकीच्या दोन्ही बाजूंना नुसते गढूळ पाणी दिसत होते. रेल्वेने प्रवाशांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, की गाडीतून उतरू नका, या घडीला डबा हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. पोलीस आणि चामटोली परिसरातले गावकरी मदतीला धावले. एनडीआरएफ आणि नौदलाच्या तुकड्या रबरी बोटी घेऊन आल्या आणि २७ तारखेच्या दुपारपर्यंत एकूण एक प्रवासी बाहेर निघाला. कल्याणहून कोल्हापूरला विशेष गाडी सोडण्यात आली. जीव एकाचाही गेला नाही.

ही सुटका लोकांच्या लक्षात राहिली ती बोटींमुळे. पण बोटी यायच्या आधी काही तास गेले होते, आणि त्या तासांत हजारभर माणसे घाबरून पाण्यात उतरली नाहीत म्हणूनच बोटींना वाचवायला कोणी उरले. त्यांना वेळेवर एक खरी, स्पष्ट सूचना मिळाली होती आणि ती त्यांनी मानली. बाहेर काढलेल्या ओल्या, भुकेल्या माणसांसाठी बदलापुरात मंगल कार्यालय उघडले, जेवण आले, बसगाड्या लागल्या. आपत्तीच्या बातमीत शेवटच्या दोन ओळींत उरकले जाणारे हे काम आहे. या प्रकरणाचा विषय तेच काम आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या पट्ट्यात संकटांचे जितके प्रकार एकत्र नांदतात तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे असतील. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला उल्हास आणि तिला मिळणारी वालधुनी. कल्याणच्या खाडीत भरती असली की वरून आलेल्या पुराला उतरायला वाट मिळत नाही. मधून जाणारी मध्य रेल्वे हीच लाखो माणसांच्या पोटापाण्याची वाट, आणि ती तुंबली की दुसरी वाट जवळजवळ नाही. डोंबिवलीत वस्तीला खेटून रासायनिक कारखाने. मुंब्रा, दिवा, कल्याण पूर्व, ठाण्याचा जुना भाग, सगळीकडे जीर्ण किंवा परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या इमारती. यातले एकेक संकट स्वतंत्र येते असेही नाही. कल्याण-डोंबिवलीला पिण्याचे पाणी उल्हास नदीतून मिळते. नदीला मोठा पूर आला की मोहिलीच्या उदंचन केंद्रात पाणी शिरते, पंप बंद ठेवावे लागतात आणि ज्या दिवशी रस्त्यावर कमरेइतके पाणी असते त्याच दिवशी घरातला नळ कोरडा पडतो. पुराची तयारी म्हणून पिण्याचे पाणी भरून ठेवा, असे जुन्या बायका सांगतात त्याला इथे असा अगदी रोकडा आधार आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपत्तीच्या आराखड्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही शहरे दिवसा वेगळी असतात आणि रात्री वेगळी. सकाळी साडेआठच्या आत कमावत्या वयाची बहुतेक माणसे लोकलमध्ये असतात. मागे राहतात आजी-आजोबा, शाळकरी मुले, गृहिणी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, दुकानदार, रिक्षावाले, वॉचमन आणि एमआयडीसीतले कामगार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हासच्या खोऱ्यात बदलापूरपासून कल्याणपर्यंत पूर आला, तेव्हा असंख्य घरांतली कमावती माणसे मुंबईत, वाटेत किंवा थांबलेल्या लोकलमध्ये अडकली होती. इथली घरे त्या रात्री म्हाताऱ्यांनी, मुलांनी आणि शेजाऱ्यांनी सांभाळली. तेव्हा सोसायटीचा आपत्तीचा आराखडा करायचा असेल तर सेक्रेटरी आणि खजिनदार यांची नावे भिंतीवर लावून भागणार नाही, कारण दुपारी दोन वाजता ते दोघेही फोर्टात किंवा बीकेसीत असतात. दुपारी दोन वाजता इमारतीत कोण असते, त्याचे नाव हवे.

आता डोंबिवलीच्या कारखान्यांकडे वळू. इथे जरा थांबायला हवे.

२६ मे २०१६ ला सकाळी एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट झाला. १२ जण मृत्युमुखी पडले, दीडशेहून अधिक जखमी झाले. हादरा इतका होता की लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला दुपारी त्याच फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. दहा किंवा त्याहून अधिक माणसे गेली. ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तीन आठवडे होत नाहीत तोच, १२ जूनला, त्याच औद्योगिक वसाहतीत आणखी एका रासायनिक कंपनीला मोठी आग लागली. २०१६ नंतर तत्कालीन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली होती. धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवण्याच्या घोषणा तेव्हाही झाल्या, २०२४ मध्येही झाल्या.

कारखाने हलवले पाहिजेत, यात मला शंका नाही. पण कारखाना हलवायला वर्षे लागतात आणि लोक तिथे आज राहतात. त्यामुळे उद्याच्या स्थलांतरावर सगळी भिस्त ठेवून आज काहीच न करणे हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. आज करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे माहिती. भिंतीपलीकडे काय साठवले आहे, ते पेटले तर काय होते, हवेत मिसळले तर काय होते, पाणी मारावे की मारू नये, हे शेजाऱ्याला माहीत असणे.

माहिती दडली तर काय होते याचा धडा मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला घेतला आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो या जहाजावर लावलेला नव्हता. आग लागली तेव्हा आजूबाजूच्या जहाजांनी, गोदीतल्या हमालांनी, रस्त्यावरच्या माणसांनी नेहमीची आग समजून काम चालू ठेवले. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, मग दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो तो त्यांच्या स्मरणार्थ. डोंबिवलीच्या ज्या गाळ्यांवर आत काय आहे याची पाटी नाही, ते सगळे बिनबावट्याची जहाजे आहेत.

कायदा या बाबतीत मुका नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आपल्याकडे नियमांची मोठी फळी उभी राहिली. धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम १९८९ साली आले. ठरावीक प्रमाणाहून अधिक साठा असलेल्या कारखान्याने आतल्या अपघाताचा आराखडा करायचा, बाहेरच्या वस्तीसाठीचा आराखडा संबंधित अधिकाऱ्याने करायचा, आणि ज्यांना झळ पोचू शकते त्या रहिवाशांना धोका कोणता व अपघात झाल्यास काय करावे, काय टाळावे हे आधीच सांगायचे, असे त्यांत लिहिले आहे. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी पुढचे पाऊल टाकले. औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्कालीन गट असावा, त्याचे अध्यक्षपद उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे असावे, त्यात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रमुख, कारखान्यांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर परिसरातले दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक असावा. गटाने दरमहा बैठक घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी एकदा पूर्ण रंगीत तालीम करावी. नागरिकाने मागितल्यास रासायनिक अपघाताच्या प्रतिबंधाविषयीची माहिती गटाने द्यावी.

ही यादी मी मुद्दाम सविस्तर दिली. नियम करणाऱ्यांनी संपादक आणि डॉक्टर यांना त्या खोलीत बसवले त्यामागे विचार आहे. अपघाताच्या दिवशी अफवा थोपवायला संपादक लागतो, भाजलेल्या आणि गुदमरलेल्या माणसांना पहिला हात गल्लीतला डॉक्टर लावतो. मात्र त्या डॉक्टरला कोणते रसायन आहे हेच ठाऊक नसेल तर तो आंधळेपणाने उपचार करील. माझ्या मते डोंबिवलीच्या नागरिक संघटनांनी आंदोलनाइतकाच जोर या गटाच्या मासिक बैठकीसाठी लावायला हवा. बैठक कधी झाली, कोण आले होते, तालीम केव्हा झाली, हे प्रश्न लेखी विचारता येतात आणि त्यांना उत्तर द्यावे लागते.

नियमांतली फटही सांगितली पाहिजे. प्रमाणाची अट मोठ्या साठ्याला लागते. लहान गाळ्यात, थोड्या मालावर, भाडेपट्ट्याने चालणारे काम तिच्या खालून निसटू शकते. त्यावर परवानग्या द्यायला आणि नजर ठेवायला एमआयडीसी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, बाष्पक संचालनालय आणि महापालिका अशी पाच-सहा खाती. त्यात या परिसरातल्या २७ गावांचा कारभारही सारखा हातबदल करत आला. १९८३ मध्ये ती कल्याण महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. जबाबदारीच्या सीमा अशा हलत्या असल्या की अपघाताच्या दिवशी पहिला तास ‘हे कोणाच्या हद्दीत येते’ यातच जातो. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. देशभर छायाचित्रे गेली. ही छायाचित्रे मी इशारा म्हणून वाचतो. जे रसायन रस्त्यावर येईपर्यंत कोणाला दिसले नाही, ते आत साठलेले कोणाला दिसत असेल?

कारखाना आणि वस्ती यांचे भांडण असतानाही एकत्र तयारी करता येते का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी जपानकडे बोट दाखवीन. कोबे शहरात मानो नावाची एक वस्ती आहे. लहानमोठे कारखाने आणि कामगारांची लाकडी घरे एकमेकांत गुंतलेली. साठच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी कारखान्यांच्या धुराविरुद्ध चळवळ केली. चळवळ संपल्यावर संघटना मोडली नाही. तिने झाडे लावली, वृद्धांची विचारपूस सुरू केली, वस्तीच्या पुनर्रचनेचा आराखडा स्वतः केला. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. शहरात ठिकठिकाणी आगी भडकल्या, नळाला पाणी नव्हते, अग्निशमन दल पुरे पडत नव्हते. आसपासचे मोहल्लेच्या मोहल्ले जळाले. मानोत रहिवाशांनी हातोहात बादल्या फिरवल्या आणि शेजारच्या मित्सुबोशी बेल्टिंग या कंपनीचे अग्निशमन पथक आपले पंप घेऊन वस्तीत आले. आग पसरायच्या आत थांबली. ज्या कारखान्यांशी एके काळी या वस्तीचा वाद होता, त्यांतल्याच एकाच्या फाटकातून पंप बाहेर आले. त्या भूकंपात ढिगाऱ्यांतून जिवंत काढलेल्या माणसांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसांना शेजाऱ्यांनी काढले, असा जपान सरकारच्याच अहवालांतला अंदाज आहे.

डोंबिवलीतल्या कारखान्यांकडे पाण्याच्या टाक्या, फोम, श्वसनयंत्रे असतील. ती कुठे आहेत, रात्री किल्ली कोणाकडे असते, हे निवासी विभागातल्या एकाही माणसाला माहीत नसेल तर त्यांचा उपयोग अर्धाच.

स्फोटाबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात सांगून ठेवावी. १९१७ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेले जहाज पेटले तेव्हा लोक घराच्या खिडक्यांशी उभे राहून आग पाहत होते. स्फोट झाला आणि शेकडो माणसांच्या डोळ्यांत काचा गेल्या. मोठा धूर दिसला किंवा पहिला धमाका ऐकू आला की माणूस आपोआप खिडकीकडे धावतो, हातात मोबाइल घेऊन. तसे करू नका. खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत, भिंतीच्या आडोशाला जा. वायूचा वास येत असेल तर दारे-खिडक्या बंद करून फटींना ओली फडकी लावा, आणि बाहेर पडण्याची सूचना आली तर वाऱ्याच्या दिशेने धावत सुटू नका, वाऱ्याला आडवे होऊन चाला. मुलांना हे एकदा करून दाखवले की पुरते.

इमारतींचे दुःख वेगळे आहे. तिथे संकट अचानक येते असे वाटते, पण त्याची वर्दी बहुधा आधीच मिळालेली असते. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. खालच्या मजल्यांवर लोक राहायला आलेले होते. २०१५ च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीत एक इमारत पडली आणि आठच दिवसांत, ४ ऑगस्टच्या पहाटे, नौपाड्यातल्या बी केबिन भागात कृष्णा निवास पडली. तिथे १२ जण गेले. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला, तो खालचे स्लॅब घेऊन तळापर्यंत आला. सहा माणसे गेली. पाऊस अजून सुरू व्हायचा होता.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करणे कायद्याने बंधनकारक आहे. धोक्याच्या प्रमाणात इमारतींचे सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग पाडले जातात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करायची. दर मे महिन्यात पालिका याद्या काढते, नोटिसा चिकटवते आणि बरेच रहिवासी घर सोडत नाहीत. त्यांना बेपर्वा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही भीती त्यांना बांधून ठेवते. ती दूर करायचा मार्ग कागदाचा आहे. ताब्यातल्या क्षेत्रफळाची नोंद पालिकेकडून करून घ्यायची आणि भाडेपावत्या, वीजबिले, करारनामे यांच्या प्रती इमारतीबाहेरच्या नातेवाइकाकडे आधीच ठेवायच्या. हा कागद हातात असलेला माणूस नोटीस आल्यावर उठतो. नसलेला थांबतो. आणि इमारत बोलत असते. दरवाजा अचानक चौकटीत अडकू लागतो, खांबाला उभी भेग जाते, गिलावा फुगून पडतो, सळई दिसते, रात्री कटकट आवाज येतो. असे काही दिसले तर सभेची वाट पाहू नये. आणि घरात फोडतोड करायची असेल तर आधी अभियंत्याला विचारावे, आपल्या फरशीखाली दुसऱ्याचे छत आहे.

ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी वेळेचा हिशेब फार कठोर असतो. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरेला आहे, तिची तुकडी मुंबईतही असते. राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. ठाणे महापालिकेने हे अंतर ओळखले आणि स्वतःचे ठाणे आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे टीडीआरएफ, उभे केले. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत पडली तेव्हा हे दल ढिगाऱ्यावर होते, जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली तेव्हाही गेले. एका महापालिकेचे पथक जिल्ह्याबाहेर जाऊन माणसे शोधते, ही ठाणेकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. इतर महापालिकांनी त्याची नक्कल करावी. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, तेव्हा आता निमित्तही आहे.

संस्थांबद्दल बोलायचे तर १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी. दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. करोनाचा काळ, रुग्ण ऑक्सिजनवर. एका वाहिनीची दुरुस्ती चालू असताना भार दुसरीवर होता आणि तीही गेली, असे सरकारने सांगितले. मुंबईला अशा वेळी ग्रिडपासून वेगळे काढून वीज चालू ठेवणारी व्यवस्था १९८१ पासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. यातून लहान संस्थेने घ्यायचे ते इतकेच, की पर्याय कागदावर असून चालत नाही, अधूनमधून मुख्य सोय मुद्दाम बंद करून पर्यायावर तासभर काम चालवून पाहावे लागते. दवाखान्याचा जनरेटर तळघरात असेल तर पुराच्या दिवशी तो पहिला बुडेल. शाळेतल्या पालकांच्या फोनची यादी फक्त संगणकात असेल तर वीज गेल्यावर ती नाही. पतपेढीची तिजोरी उघडणारा एकच माणूस असेल आणि तो कसाऱ्याला अडकला असेल तर पैसे असूनही नाहीत. प्रत्येक कामाला दुसरा माणूस, प्रत्येक किल्लीला दुसरी किल्ली, आणि महत्त्वाची यादी कागदावर. याला फार पैसा लागत नाही.

आणि याच शहरांनी हे करूनही दाखवले आहे. २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर ही दोन प्रमुख रुग्णालये होती, शहर मात्र पंधरा लाखांच्या घरातले. पालिकेने खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. आयएमएच्या शाखा, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या संघटना मिळून ‘डॉक्टर आर्मी’ उभी राहिली. ज्या डॉक्टरला गल्लीतले लोक वीस-पंचवीस वर्षे ओळखत होते त्याच्या शब्दावर ते तपासणीला आले. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात उपचार केंद्र उभे राहिले. स्मार्ट सिटी योजनेच्या २०२० च्या स्पर्धेत करोनाविषयक नवोपक्रमाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी यांना विभागून मिळाला. दोन रुग्णालयांच्या महापालिकेने शहरात आधीपासून असलेले बळ ओळखले, एवढेच तिचे नावीन्य होते आणि ते पुरेसे होते.

असे बळ इथे खूप आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. शेकडो संस्था, हजारो माणसे ठरल्या वेळी ठरल्या चौकात पोचवणे, पाणी देणे, रस्ता मोकळा ठेवणे, चुकलेले मूल परत आणणे, हे सगळे त्या यात्रेत दरवर्षी होते. गणेशोत्सव मंडळे, दहीहंडीची पथके, महिला मंडळे, बचत गट, प्रवासी संघटना यांच्याजवळ याद्या आहेत, स्वयंसेवक आहेत, लाउडस्पीकर आहेत. त्यांच्या हाती आपत्तीचे काम कोणी सोपवलेले नाही. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत अशा स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळते. जिल्हा प्रशासनाकडे त्याची चौकशी करता येते. मंडळाच्या वर्गणीतून एक स्ट्रेचर, दोन चांगल्या बॅटऱ्या, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी घेतली तर बाप्पालाही ते आवडेल.

वाचकहो, तुमच्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा येईल तेव्हा विषयपत्रिकेवर हा एक विषय लेखी घाला. दुपारी इमारतीत असणाऱ्या चार माणसांची नावे ठरवा, त्यांत किमान दोन स्त्रिया असू द्या. अंथरुणाला खिळलेले, चालू न शकणारे, ऑक्सिजनवर असलेले कोण कोणत्या मजल्यावर आहेत, हे त्या चौघांना माहीत असू द्या. वीज, गॅस आणि पंप बंद करायच्या जागा त्यांना दाखवून ठेवा. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक जिन्यात मोठ्या अक्षरांत लावा. एमआयडीसीच्या परिसरात राहत असाल तर उपविभागीय कार्यालयाला पत्र लिहून स्थानिक आपत्कालीन गटाची शेवटची तालीम केव्हा झाली ते विचारा आणि पुढच्या तालमीला हजर राहण्याची परवानगी मागा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.